बर्ट मन्रो: एकच इंजिन चाळीस वर्षं घरी अपग्रेड करणारा माणूस

काही वर्षं वापरलेल्या फोनचं काय होतं हे आपल्या सगळ्यांना माहितीये. अपडेट यायचे थांबतात, बॅटरी दुपारीच मान टाकते आणि आपण गपचूप नव्या मॉडेलचे रिव्ह्यू बघायला लागतो. मशीन जुनं झालं की स्लो होणारच, हे आपण गृहीत धरलंय.

आज ज्याची गोष्ट सांगतोय त्याच्याकडे १९२० सालची एक मोटरसायकल होती. नवी होती तेव्हा ती जास्तीत जास्त ताशी ८९ किलोमीटर पळायची. १९६७ साली, ४७ वर्षांची झाल्यावर, तीच गाडी ताशी २९६ किलोमीटरने पळाली आणि तिच्या गटात जागतिक विक्रम झाला. मधल्या काळात कंपनीने अपग्रेड देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कंपनीचं उत्पादन १९५३ सालीच बंद पडलं होतं. जे काही झालं ते एका माणसाने आपल्या गॅरेजमध्ये, कानस, हातोडी, लेथ आणि भट्टी वापरून केलं.

त्याचं नाव बर्ट मन्रो. २००५ साली अँथनी हॉपकिन्सचा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा आला आणि जगभर लोकांना तो माहीत झाला. सिनेमा भारी आहे, पण त्यात अनेक वर्षांच्या फेऱ्या एका प्रवासात बसवल्यात आणि इंजिनाच्या आत काय बदललं हे फारसं कळत नाही. मला तोच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो.

आधी नावाचा घोळ सोडवू

'इंडियन' म्हटल्यावर ही भारतीय गाडी असेल असं वाटू शकतं. तसं काही नाही. इंडियन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी. बर्टकडे होतं तिचं 'स्काउट' हे मॉडेल: ६०० सीसी, दोन सिलिंडर इंग्रजी व्ही आकारात बसवलेले, तीन गिअर. तेव्हाच्या हिशोबाने चांगली दणकट गाडी, पण रेसिंगसाठी बनवलेली नव्हती.

शेतातला पोरगा

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण वाचली नाही. वडिलांची एडेनडेल या गावाजवळ शेती होती, तिथेच तो वाढला. शेतावर घोडे होते आणि लहानपणापासून बर्टला ते जोरात पळवायची हौस होती. पुढे घोड्याची जागा मोटरसायकलने घेतली.

तरुणपणी त्याने बोगद्याच्या बांधकामावर काम केलं, मग वडिलांनी शेतीच्या कामाला परत बोलावून घेतलं. नंतर काही काळ तो व्यावसायिक स्पीडवे रेसिंगमध्ये होता. १९३० च्या आसपास जगभर मंदी आली तसा तो घरी परतला आणि मोटरसायकली विकण्याची आणि दुरुस्त करण्याची नोकरी धरली. दिवसा लोकांच्या गाड्या, रात्री स्वतःची. कित्येकदा रात्रभर गॅरेजमध्ये काम करून सकाळी तो थेट कामावर जायचा.

स्काउटवरचे बदल त्याने १९२६ पासून सुरू केले. पैसे कमी आणि न्यूझीलंड अमेरिकेपासून समुद्रापलीकडे. पार्ट मागवणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे पार्ट बनवणं आलं.

इंजिन कुठे अडत होतं?

पेट्रोल इंजिन म्हणजे हवेचा पंप समजा. जितकी जास्त हवा आत जाईल, तितकं जास्त पेट्रोल जळेल, तितकी ताकद जास्त. हवा आत येण्याचं आणि धूर बाहेर जाण्याचं दार म्हणजे व्हॉल्व.

जुन्या स्काउटचं इंजिन 'साइड व्हॉल्व' प्रकारचं होतं. व्हॉल्व सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, डोकं वर करून उभे असायचे. ही रचना साधी, स्वस्त आणि टिकाऊ. पण हवेला आत यायला वळसा घ्यावा लागतो आणि पेट्रोल जळण्याची जागा बाजूला पसरट होते. त्यामुळे कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. थोडक्यात, इंजिनाचं नाक चोंदलेलं.

बर्टने हे इंजिन 'ओव्हरहेड व्हॉल्व' केलं. म्हणजे व्हॉल्व उचलून सिलिंडरच्या वर, हेडमध्ये आणले. कॅमशाफ्ट खालीच राहतो. तो एका लांब दांडीला, म्हणजे पुशरॉडला, वर ढकलतो. पुशरॉड रॉकरला उचलतो आणि रॉकर सी-सॉ सारखा फिरून व्हॉल्व खाली दाबतो. मूळ इंजिनात दोन कॅम होते, त्याने चार कॅमची रचना केली, म्हणजे प्रत्येक व्हॉल्वला स्वतंत्र कॅम. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व, म्हणून चार.

हा फक्त पार्ट बदलण्याचा प्रकार नव्हता, इंजिनाची अख्खी रचनाच त्याने बदलली. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे माझ्या भाषेत सांगायचं तर चालू सिस्टिमचं आर्किटेक्चर बदलणं. आणि तसं केलं की नवे प्रॉब्लेम येतातच.

व्हॉल्व वर गेले, स्प्रिंगची जबाबदारी वाढली

कॅम व्हॉल्व उघडतो, पण बंद कोण करतं? स्प्रिंग. व्हॉल्वच्या दांड्याभोवती बसलेली एक जाड स्प्रिंग त्याला परत सीटवर ओढून आणते.

चार स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरला की प्रत्येक व्हॉल्व एकदा उघडतो. म्हणजे ६,००० आरपीएमला एक व्हॉल्व मिनिटाला ३,००० वेळा, सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. तुमच्या फोनची साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होते. जवळपास त्याच वेगाने एक लोखंडी स्प्रिंग दबते आणि सुटते.

आरपीएम वाढत गेले की एक वेळ अशी येते की स्प्रिंगला व्हॉल्व वेळेत परत आणणं जमत नाही. कॅम पुढे निघून जातो आणि व्हॉल्व मागे हवेत तरंगत राहतो. याला 'व्हॉल्व फ्लोट' म्हणतात. साइड व्हॉल्व इंजिनात असं झालं तर ताकद जाते, पण व्हॉल्व पिस्टनच्या वाटेत नसतो. ओव्हरहेड इंजिनात मात्र व्हॉल्व बरोबर पिस्टनच्या डोक्यावर असतो. तो वेळेत मिटला नाही आणि खालून पिस्टन आला, तर दोघांची टक्कर. व्हॉल्व वाकतो, पिस्टनला भोक पडतं आणि पुढे काहीही होऊ शकतं. त्यात पुशरॉड आणि रॉकरचं वजनही आता स्प्रिंगलाच सांभाळायचं असतं.

मग सरळ जाड स्प्रिंग का टाकू नये? कारण ती दाबायला इंजिनाचीच ताकद खर्च होते, आणि कॅम व टॅपेट लवकर झिजतात. मऊ टाकली तर फ्लोट, कडक टाकली तर झीज. ज्या माणसाने कॅम स्वतः घडवलेत त्याच्यासाठी ही झीज म्हणजे कित्येक रात्रींचं काम मातीत.

घरी स्प्रिंग बदलायची म्हणजे नेमकं काय?

गॅरेजमधल्या अशा रात्रीचा अंदाज यावा म्हणून हे काम थोडक्यात बघू. आजही साध्या ओव्हरहेड इंजिनाची व्हॉल्व स्प्रिंग हेड न काढता बदलता येते.

पहिली गोष्ट, पिस्टन पूर्ण वर आणायचा आणि दोन्ही व्हॉल्व मिटलेले असल्याची खात्री करायची. मग प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरतात किंवा पिस्टन थोडा खाली ठेवून नायलॉनची दोरी आत सरकवतात आणि पिस्टन वर आणून ती दाबतात. कारण एकदा स्प्रिंग निघाली की व्हॉल्वला धरून ठेवणारं काही उरत नाही. तो सिलिंडरमध्ये पडला तर हेड उघडावंच लागतं.

मग रॉकर बाजूला करायचा आणि कॉम्प्रेसर हत्याराने स्प्रिंग दाबायची. व्हॉल्वच्या दांड्याच्या टोकाला खाचेत दोन अर्धगोल लॉक बसलेले असतात. दाण्याएवढे लहान, पण अख्खी स्प्रिंग त्यांनीच धरलेली असते. ते चुंबकाने काढायचे, जुनी स्प्रिंग काढायची, तेलाचं सील तिथेच बदलून घ्यायचं, नवी स्प्रिंग बसवायची आणि लॉक खाचेत नीट बसलेत हे बघूनच हत्यार हळू सैल करायचं. लॉक तिरका बसला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. डोळ्यावर गॉगल हवाच.

जुन्या स्प्रिंगची उंची नवीशी ताडून बघायची. जुनी बुटकी झालेली दिसली तर ती दमलीये. काम एवढंच, पण दर वेळी मोजमाप करावं लागतं. आणि बर्टकडे तर मोजायची महागडी साधनंही नव्हती. सायकलच्या चाकातल्या तारेसारखी एक जुनी स्पोक तो मायक्रोमीटर म्हणून वापरायचा.

टिनच्या डब्यातला पिस्टन

त्याचं बाकीचं काम ऐकून तर हसावं की हात जोडावेत कळत नाही. पिस्टन तो स्वतः ओतायचा. धातू वितळवायचा आणि जुन्या टिनच्या डब्यांच्या साच्यात ओतायचा. सिलिंडर त्याने बनवले, फ्लायव्हील बनवली, तेलपाण्याची व्यवस्था नव्याने केली.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या अॅक्सलच्या पोलादातून हाताने कोरून काढले. या दांड्याला प्रत्येक फेरीत एकदा दाबलं जातं आणि एकदा ताणलं जातं. बाहेर लेथवर आकार बरोबर आला तरी आतून पोलाद चुकीच्या तापमानाला कडक केलेलं असेल, तर तो बिस्किटासारखा तुटतो.

ताकद वाढली तसा मूळ क्लच घसरायला लागला, म्हणून त्याने १७ प्लेटचा क्लच बांधला. इंजिन ६०० सीसीवरून वाढत वाढत शेवटी ९५० सीसीपर्यंत गेलं.

आणि हे सगळं फुटायचं. वारंवार फुटायचं. गॅरेजमध्ये त्याने एक शेल्फ ठेवलं होतं. त्यावर फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, चिरलेले सिलिंडर ओळीने मांडलेले, आणि हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे अशा अर्थाची पाटी.

लोक त्या पाटीला हसतात, पण मला ते शेल्फ त्याच्या कामाचा गाभा वाटतं. तुटलेला पार्ट कुठून तुटला, रंग कसा झाला, चीर कुठे सुरू झाली, हे सगळं त्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. आपण सॉफ्टवेअरवाले एरर लॉग जपतो, तसा तो लोखंडाचा लॉग होता. तो फेकून दिला असता तर तीच चूक पुन्हा झाली असती, आणि त्याच्याकडे तीच चूक दोनदा करायला ना पैसे होते ना वेळ.

याची किंमत

ही गोष्ट सांगताना एक भाग बऱ्याचदा गाळला जातो. बर्टचं लग्न झालं होतं, मुलं होती. १९४० च्या दशकाच्या शेवटी लग्न मोडलं. त्याने नोकरी सोडली आणि गॅरेजमध्येच राहायला गेला. झोपायचं तिथेच, पिस्टन ओतायचे तिथेच. रात्रभर इंजिनाला दिलेला वेळ कुणाच्या तरी वाट्याचा असतो, हे आपल्यासारख्या स्क्रीनपुढे रात्री घालवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे हृदयाचाही त्रास सुरू झाला. काम थांबलं नाही.

हवेची भिंत

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांब, सपाट समुद्रकिनारा आहे. बर्टची चाचणी तिथे चालायची. १९५७ पर्यंत तो किनाऱ्यावर ताशी २११ किलोमीटरपर्यंत पोचला होता.

इथून पुढे फक्त इंजिन पुरत नाही. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा तर ताकद ८ पट, तिप्पट हवा तर २७ पट. ६०० सीसीच्या जुन्या इंजिनातून २७ पट ताकद काढणं कुणालाच शक्य नाही. म्हणून त्याने गाडीभोवती माशासारखं निमुळतं कवच बनवलं. पहिलं कवच अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून घडवलं, नंतरचं फायबरग्लासचं. पोटावर झोपल्यासारखं आत शिरायचं आणि चालवायचं.

मिठाचं मैदान

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं प्रचंड सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तिथे होतात. बर्ट तिथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा फक्त बघायला, नंतर पळवायला.

विक्रमाचा नियम सोपा आहे: ठरलेलं अंतर एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना पळायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. त्यामुळे वारा पाठीशी असल्याचा फायदा एका बाजूला मिळाला तरी दुसऱ्या बाजूला तो वजा होतो. पण याचा दुसरा अर्थ असा की इंजिन एकदा जीव तोडून पळून चालत नाही. लगेच परत तितकंच पळावं लागतं.

१९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, ८५० सीसीचं इंजिन घेऊन त्याने ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. १९६६ साली मोठ्या, १,००० सीसी गटात ताशी २७० किलोमीटर. १९६७ साली त्याच गटात ९५० सीसी घेऊन ताशी २९५.४ किलोमीटर. त्याच वर्षी पात्रता फेरीत एका दिशेने तो ताशी ३०५.९ किलोमीटरने गेला होता.

हे सगळं सुरक्षित होतं असं समजू नका. १९६७ मध्येच एका फेरीत अर्ध्यावर गाडी डगमगायला लागली. वेग कमी करायला तो कवचातून वर उठला, तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. गाडी रस्ता सोडून भरकटली, लोखंडी खुणेच्या खांबाला थोडक्यात चुकली आणि शेवटी त्याने ती आडवी केली. वय ६८. खरचटण्यावर निभावलं. टायर, ब्रेक आणि सांगाडा यातलं कशाचंच त्या वेगासाठी मूळ डिझाइन नव्हतं. त्यामुळे गॅरेजमधली चिकाटी घ्या, रस्त्यावरचा वेग घेऊ नका.

शेवटची वर्षं आणि ४७ वर्षांनी सापडलेली चूक

सत्तरीनंतर तब्येत साथ देईना. १९७७ साली पक्षाघाताचा झटका आला. आपल्या गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्याने त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, ७८ व्या वर्षी तो गेला.

२०१४ साली त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आलं की १९६७ च्या विक्रमाच्या आकडेमोडीत गडबड आहे. त्याने अमेरिकेत कळवलं. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने हिशोब पुन्हा केला, तर वेग ताशी २९६.२६ किलोमीटर भरला. बर्ट जाऊन ३६ वर्षं झाल्यावर त्याचा विक्रम सुधारला, आणि तोही वरच्या दिशेने. गाडी बदलायची थांबली होती, पण तिची नोंद अपडेट होणं बाकी होतं.

आज त्याची इंडियन इन्व्हरकार्गिलमध्येच ई. हेज नावाच्या दुकानात ठेवलीये. हे दुकान हार्डवेअरचं आहे. नट-बोल्ट घ्यायला आलेला माणूस सहज दोन पावलं पुढे जाऊन ती बघू शकतो.

आपल्यासाठी काय?

आपल्यापैकी बहुतेक जण पिस्टन ओतणार नाहीत, गरजही नाही. पण एक सवय उचलता येईल. पुढच्या वेळी बाइकची सर्व्हिसिंग करताना कुठलाही पार्ट बदलला, तर मेकॅनिककडून जुना पार्ट मागून घ्या. क्लच प्लेट असो, व्हॉल्व स्प्रिंग असो की साधा प्लग. घरी आणून नव्याशेजारी ठेवा, कुठे झिजला ते बघा, पट्टीने मोजा. तुमच्याही घरात एक लहानसं शेल्फ तयार होईल. इंजिन कसं चालतं हे व्हिडिओ बघून कळतं, पण ते का थांबतं हे त्या शेल्फवरच्या तुकड्यांवरून जास्त चांगलं कळतं.